म्हसोबाला उशिरा द्यायचे कोंबडे

सोपाना,

चाकणच्या चौकातून तुझ्या गावाकडे वळलं की डाव्या हाताला तुझा फ्लेक्स दिसतो. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं सगळ्यांत मोठी, त्याखाली हात जोडलेले भावी जिल्हा परिषद सदस्य, आणि उरलेल्या जागेत तू. तुला 'प्रगतशील शेतकरी' ही पदवी दिली आहे. तुझी शेती कंपनीच्या भिंतीआड गेली, त्या बदल्यात तू त्याच भिंतीआड प्रेस शॉपमध्ये नोकरीला लागलास, आणि निवृत्त होऊन घरामागच्या तुकड्यात कोंबड्या पाळल्यास. यातली प्रगती नेमकी कुठली, हे त्या सदस्यांना विचारायला हवं होतं. पण ते फोटोतही घाईत दिसतात.

फोटो मी काढलेला आहे. मागच्या आखाडाच्या आधीचा, डाव्या काखेत कोंबडा धरलेला. श्रद्धांजलीत कोंबडा बरा दिसत नाही म्हणून छापणाऱ्याने तो पुसून टाकला, पण तुझा हात तसाच वाकलेला राहिला. बघणाऱ्याला वाटावं, तुझा हात प्लॅस्टरमध्ये होता. कोपराखाली शेपटीची दोन काळी पिसं मात्र त्याच्या नजरेतून सुटली आहेत. मी तिथे थांबून ती बराच वेळ पाहिली. तुझ्याबद्दल त्या फलकावर खरं असं तेवढंच आहे.

तू मला 'इन्स्पेक्टर' म्हणायचास. कंपनीच्या क्वालिटी खात्यात मी तुझे प्रेसचे तुकडे मापाचं गेज लावून नाकारायचो, तेव्हापासून. माझ्या कामात चांगलं याचा अर्थ सगळं एकसारखं. तुझ्या कोंबड्या पाहायला पहिल्यांदा आलो तेव्हाही मी मनातल्या मनात गेज घेऊनच आलो असणार. मला विचारायचं होतं एवढंच, की कोंबडी वर्षाला अंडी किती देते. तू म्हणालास, "आदी मरत न्हाई का, ते बघू. मग अंडी."

सुरुवात आठवते? शालन वहिनींच्या गावरान कोंबड्या होत्या. लहान, काटक, बोरीच्या झाडावर झोपणाऱ्या, आणि अंडी देण्याच्या बाबतीत अत्यंत कंजूष. मग कुठल्याशा योजनेतली सुधारित पिल्लं आली. मंडप, हारतुरे, एका पाहुण्याच्या हस्ते एका खोक्याचं वाटप. तो पाहुणा पिल्लांबद्दल बोलला नाही, स्वतःबद्दल बोलला, आणि पिल्लं ऊन खात बसली. ती तांबडी, गुबगुबीत पिल्लं तू घरी आणलीस आणि पावसाळ्यात एकेक करून गमावलीस. पाऊस आला की वहिनींच्या कोंबड्या छपराखाली पळायच्या, ही पिल्लं भिजत उभी राहायची, जणू कुणीतरी येऊन आत नेईल. घार वर आली की गावरान कोंबडी एक बारीक आवाज काढते आणि सगळ्या झुडपात गडप होतात. योजनेतली पिल्लं मान वर करून घार बघायची. उरलेल्यांना मानमोडीच्या रोगाने नेलं.

एक तांबडी तेवढी राहिली. ती का राहिली, ते तुलाही कळलं नाही आणि मलाही. तिने झाडावर चढायचं शिकून घेतलं होतं आणि अंडी ती रोजच्या रोज द्यायची. फक्त अंड्यांवर बसणं तिला ठाऊक नव्हतं. द्यायची आणि निघून जायची.

"हिची आन् आमच्या गावरानाची गाठ घालू," तू म्हणालास. "पर कोंबडा उंच पायजे. कुत्री लई झालीत."

एमआयडीसीतली कुत्री खरंच खूप झाली होती. मग आपण दापोडीला सलीमकडे गेलो. सलीम तुमच्याच गावच्या मुलाण्याच्या घरातला, रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आणि दुकानाच्या गच्चीवर त्याचे असील, म्हणजे झुंजीच्या जातीचे कोंबडे. त्याने एक कोंबडा आपल्यापुढे धरला. लांब पाय, आखूड पिसं, आणि चेहरा असा की याला नाकारायची कुणाची हिंमत होऊ नये. सलीम म्हणाला, "घेऊन जा सोपानभाऊ. पण तिथं भांडणं झाली तर मला फोन करायचा नाही. हा समोरच्याला विचारत नाही, तू कुठल्या गावचा."

तो कोंबडा बाजाराच्या पिशवीतून, डोकं तेवढं बाहेर काढून, माझ्या मांडीवर बसून चाकणला आला. नाशिक फाट्याच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे बघत होता, कोंबडा त्याच्याकडे बघत होता. शेवटी त्या माणसाने काच वर केली.

पहिली पैदास तुझी चूक होती, हे तू मान्य केलंस, जरा उशिरा. असीलाच्या सगळ्या पोरी उंच निघाल्या, जड निघाल्या, आणि अंड्यांवर बसल्या की अंडी फोडायच्या. पोरं एकमेकांच्या जिवावर उठली. दुसऱ्या वर्षी त्यांना पुन्हा वहिनींच्या गावरानाशी जोडलं. तांबडीच्या पोरी त्यात मिसळल्या. मग हळूहळू काहीतरी दिसायला लागलं. पाय असीलाचे, रंग तांबडा पण काळ्या ठिपक्यांचा, म्हणजे घारीला सहज न दिसणारा, आणि अक्कल वहिनींच्या कोंबड्यांची. वहिनींना हे ऐकायला आवडायचं. "अक्कल आमच्याकडचीच," त्या म्हणायच्या.

आणि तरी दर वर्षी गाडी जरा मागे यायची. कोंबड्या सुधारत होत्या, कोंबडे नाही. त्याचं कारण सापडलं ते आपण भांडलो म्हणून.

मी विचारलं होतं, "मागच्या वर्षीचा तो तांबूस, उंच कोंबडा कुठे आहे?"

"म्हसोबाला दिला."

"आणि त्याच्या आदल्या वर्षीचा?"

"म्हसोबाला. आखाडात राखण द्यावी लागते. देवाला काय आडकं-तिडकं द्यायचं व्हय? समद्यात चांगला द्यायचा."

मी म्हणालो, "म्हणजे गावातले उत्तम कोंबडे पिढ्यान्‌पिढ्या म्हसोबाकडे जातायत आणि पुढची पैदास उरलेल्यांकडून होतेय. तुमच्या गावात आजवर सगळ्यात काळजीपूर्वक निवड कुणाची झाली असेल तर ती वाईट कोंबड्याची."

तू हसला नाहीस. उठून गेलास. नंतर बरेच दिवस फोन नाही. मला वाटलं, देवाबद्दल बोललो ते लागलं. नंतर कळलं, देवाबद्दलचं नव्हतंच. बापाने, आज्याने, सगळ्यांनी मन लावून, श्रद्धेने केलेलं काम उलटं पडलं होतं, आणि ते एका क्वालिटीवाल्याने चहा पिता पिता सांगितलं होतं.

मग तुझा फोन आला. "न्हाई म्हननार न्हाई म्या देवाला. पर उशिरा देनार. आदी वरीसभर पोरं काढू द्यायची, मग द्यायचा. चांगलाच द्यायचा, फकस्त उशिरा. देवाला कुठं शिफ्ट गाठायचीय."

गावाने कुरकूर केली. उशिरा दिलेला कोंबडा चालत नाही, कोवळाच लागतो, अशी तक्रार आली, आणि ती म्हसोबाच्या नावाने आली. म्हसोबाला शेंदूर आणि वास पुरतो. जून कोंबडा दातांनी तोडायचा तो गावाला, त्यामुळे देवाचं मत गावाला नेमकं ठाऊक होतं. तू ऐकलं नाहीस. पहिल्या वर्षी वहिनींनी तो रस्सा दुपारपर्यंत चुलीवर ठेवला, आणि मी पंगतीत बसून तुला सांगितलं की हा कोंबडा नाही, गाडीचा टायर आहे. दर वर्षी मी तेच सांगत आलो. दर वर्षी तू विचारायचास, "कसा हाय?" आणि मी म्हणायचो, "रिजेक्ट." तुला आनंद व्हायचा. कोंबडा जितका चिवट, तितकी त्याची पोरं मागे जास्त.

आपला खरा वाद वेगळाच होता, आणि तो संपला नाही. कोंबडी खुडूक बसली की ती अंडी द्यायचं बंद करते, फुगून एका जागी बसते, जवळ गेलं की टोचते. माझं म्हणणं, ही सवयच वंशातून काढावी. तांबडीसारखी जी बसत नाही तिच्या पोरी ठेवाव्यात. अंडी दीडपट होतील. पिल्लं हवीत तर उबवणीचं यंत्र घ्यावं. तू उलट करायचास. बसणारी दिसली की तिला ठेवायचास, न बसणारी बाजारात. मी म्हणायचो तू मागे चाललायस. तू म्हणायचास, "वीज गेली की तुझं यंत्र काय करंल?" मी म्हणायचो इन्व्हर्टर. तू म्हणायचास, "आन् म्या गेलो की?" यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. काहीतरी विनोद केला असणार.

या वर्षी 'त्यो' निघाला. जे कोंबडे शेवटी ताटात येणार त्यांना तू नाव द्यायचा नाहीस, म्हणून तो नुसता 'त्यो'. गेल्या आखाडात दिलेल्या कोंबड्याचा पोरगा. त्याच्याइतका उंच, ठिपक्यांचा, सगळ्यांच्या आधी घार ओळखणारा, आणि बाकीच्यांशी विनाकारण न भांडणारा. इतकी वर्षं तू जे जुळवत होतास ते एकाच कोंबड्यात पहिल्यांदा आलं होतं. बाकीचे तरणे कोंबडे तू काढून टाकलेस. "ह्यो एकच ठेवायचा. पुढच्या आखाडापर्यंत ह्याची पोरं काढायची," तू म्हणालास. आणि मग तुला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

तिथे वहिनी नवस बोलल्या. हे मला नंतर कळलं, तुझ्या दहाव्याच्या आधी, मी आणि सलीम घरी बसायला आलो तेव्हा. अंगणात 'त्यो' फिरत होता. सलीमने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझ्या असीलाच्या वंशातला हा एकच कोंबडा राहिला ना, भाभी?"

वहिनी म्हणाल्या, "त्यो म्हसोबाचा हाय. म्या बोललेय. तेरावं झालं की द्यायचा. सुरी तुमीच फिरवायची, सलीमभाऊ, मान तुमच्या घराचा हाय."

सलीमच्या आज्याच्या वेळेपासून त्या म्हसोबापुढे सुरी चालवायचा मान त्यांच्या घरात आहे. दर आखाडात तो दापोडीहून येतो, आणि आपल्याच असीलाच्या नातवंडांवर सुरी फिरवून चहा न घेता जातो.

मी वाद घालायला लागलो. तुला ठाऊक आहे मी कसा घालतो. म्हणालो, "वहिनी, नवस सोपान बरा व्हावा म्हणून होता. तो बरा झाला नाही. मग देणं लागत नाही."

"बरं कर म्हनले नव्हते, भाऊजी. घरी आन म्हनले होते. आनलं की त्यानं."

घरी तर तुला आणलंच होतं. थोडे दिवस का होईना, तू बोरीखाली खुर्ची टाकून बसलास, कोंबड्या बघितल्यास, चहात साखर कमी म्हणून कुरकूर केलीस. मी नोकरीत अनेक करार वाचले, पण मागणी इतकी मोजून केलेला एकही वाचला नाही. त्यात पळवाट नव्हती.

सलीम म्हणाला, "भाभी, माझ्या गच्चीवरचा दुसरा देतो. याच्याहून मोठा. देवाला कोंबडाच पाहिजे ना?"

"म्या 'त्यो' म्हनून बोललेय."

"सोपानभाऊचा नियम होता ना, आधी पोरं, मग देव?"

"त्यो नेम आखाडाचा. नवसाला थांबवत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुमास्नी वाटतंय मला कळत न्हाई? समद्यास्नी दाना-पानी घालून वाढवलंय म्या बी. पर बोललेय."

मी उगाच विचारलं, "ती ठिपक्यांची कोंबडी अजून बसलीय का?"

ती बसली होती. त्या शेवटच्या दिवसांत मी एकदा आलो होतो, तेव्हाच ती खुडूक झाली होती आणि तू खुर्चीवरून वहिनींना तिच्याखाली ठेवायची अंडी निवडायला सांगत होतास. मी नेहमीचंच म्हणालो, हिला गार पाण्यात बुडवून उठवा, अंडी देईल. तुझा आवाज फार बारीक झाला होता. "समदं जग अंडी मोजतंय, इन्स्पेक्टर. एकीला तरी बसू दे निवांत." ते तू मला सांगितलेलं शेवटचं पूर्ण वाक्य.

पण ती अंडी 'त्यो'ची होती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. तो नुकता कुठे वयात आला होता. कोंबड्याशिवायची नुसतीच अंडी असली तर ती एव्हाना सडायला लागली असती. वहिनींनी सामानाच्या खोलीचं दार लावलं, खिडकीवर घोंगडी टाकली. मी कोंबडीखाली हात घातला, तिने मनगटावर टोचलं, तसं ती मला नेहमीच टोचते. सलीमने मोबाइलचा टॉर्च लावला आणि अंडं त्याच्यावर धरलं.

आत लाल रेषा होत्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, मधे एक काळा ठिपका, आणि तो हलत होता. दुसऱ्यातही तसंच. एक अंडं स्वच्छ निघालं, ते बाजूला ठेवलं. बाकीच्यांत बहुतेकांत रेषा होत्या. सलीम म्हणाला, "भर गयी है, भाभी." वहिनी एकेक अंडं माझ्या हातून घेऊन, ज्या बाजूने होतं त्याच बाजूने परत कोंबडीखाली सरकवत राहिल्या.

नंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "त्यास्नी नवसाचं सांगितलं नव्हतं म्या. त्या कोंबड्याकडं बघून त्यांचा चेहरा उजळायचा. कसं सांगनार?"

तुला माहीत होतं का, सोपाना? नसावं. घरी आल्या आल्या अंडी ठेवायची घाई तुला वेगळ्या कारणाने असेल, वेळ कमी आहे एवढंच कळलं असेल. मी देव मानत नाही आणि योगायोगांवर प्रवचनं ऐकली की उठून जातो. पण हे एक तुला विचारायचं राहिलं, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडे नाही.

आपला वाद तू जिंकलास, असं इथे लिहायला हरकत नाही. माझं ऐकून खुडूक बसणाऱ्या काढून टाकल्या असत्यास, तर आज अंडी दीडपट असती आणि सगळी बाजारात असती. अर्थात, सगळ्या तलंगाच निघाल्या, एकही कोंबडा नाही, तर वाद पुन्हा उघडायचा हक्क मी राखून ठेवतो.

तेराव्यानंतरच्या मंगळवारी तुझा मुलगा ड्युटीवर होता, सुट्टी संपली होती. वहिनींनी कोंबडा माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "वहिनी, मी देवळात जात नाही." त्या म्हणाल्या, "देऊळ कुठंय? उघड्यावरच बसलाय त्यो." तेही खरं. तुझा म्हसोबा कंपनीच्या भिंतीला लागून आहे. भिंत बांधताना कंपनीनेच त्याच्यासाठी वळसा घेतला, तुझ्या जमिनीसाठी घेतला नव्हता. मी 'त्यो'ला डाव्या काखेत धरलं. तो शांत होता, मान फिरवून सगळीकडे बघत होता. एकदा वर बघितलं, तिथे घार नव्हती. मीही बघितलं.

सलीम आधीच येऊन थांबला होता. त्याने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, त्याला मोठ्याने म्हणायची सवय नाही. झाल्यावर त्याने सुरी पुसली आणि या वेळी चहाला थांबला.

दुपारी वहिनींनी वाढलं. चुलीवर फार वेळ ठेवावं लागलं नव्हतं. पंगत छोटी होती, मी, सलीम, शेजारचे दोघे. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलंही नाही. पण तू विचारलंच असतंस, तेव्हा ऐक. इतक्या वर्षांत तुझ्या घरचा कोंबडा पहिल्यांदाच मऊ लागला. एका घासापलीकडे माझ्याच्याने गेला नाही. रिजेक्ट.

ठिपक्यांची अजून उठलेली नाही. आज निघताना तिच्याजवळ गेलो, तर टोचली.